बाणा तोच, काळ नवा: आदर्शवादी सुपरहिरो आजच्या पडद्यावर आणताना

दादरच्या एका खोलीत आम्ही पाच-सहा जण दर पंधरवड्याला जमतो आणि एकमेकांच्या पटकथा वाचतो. तिथे एक प्रकार मी वारंवार पाहिला आहे. कुणीतरी हौसेने जुना, सरळमार्गी, हाकेला धावून जाणारा नायक निवडतं. पहिल्या दहा पानांत त्याच्या हातात दारूचा ग्लास येतो, वीसाव्या पानावर तो कुणालातरी थंडपणे मारतो, आणि मध्यंतरापर्यंत तो मूळचा माणूसच राहत नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "आजच्या प्रेक्षकाला इतका चांगला माणूस खोटा वाटतो."

मुंबईत राहून मला हे मुळीच पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात बसून प्रवाशांना बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी अंगावर घेतली आणि सोडली नाही. या दोघांची गोष्ट ऐकताना आजही कुणी "असं कुठे असतं का" म्हणत नाही. लोक गप्प होतात. प्रेक्षक कंटाळतो तो फुकटात मिळालेल्या चांगुलपणाला. नायकाला चांगलं वागण्यासाठी काहीच मोजावं लागत नसेल, तर प्रेक्षकाने तरी त्याच्यासाठी जीव का टाकावा?

पुढच्या पायऱ्या मी आमच्या गटात एका रचलेल्या नायकावर करून दाखवते. त्याचं नाव प्रभंजन. समजा, १९६५ च्या सुमारास एका बालमासिकात दरमहा चार पानं तो यायचा. लालबागच्या चाळीत राहणारा गिरणी कामगाराचा मुलगा, अंगात वाऱ्याचं बळ, पिवळा सदरा, निळा शेला. त्याचे तीन नेम: खोटं बोलायचं नाही, पहिला हात उचलायचा नाही, बक्षीस घ्यायचं नाही. शत्रू म्हणजे धान्याचे साठेबाज आणि तस्कर. आता हा पोरगा आजच्या चित्रपटात आणायचा आहे.

सगळं वाचा, आणि सर्वांत जुनं आधी

आपल्या डोक्यात नायकाची जी प्रतिमा असते ती बहुतेक वेळा नंतरच्या काळातली, गुळगुळीत झालेली असते. सुपरमॅनचंच घ्या. नम्र, सरकारचा लाडका, अगदीच गुणी बाळ अशी त्याची ख्याती. पण जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी जून १९३८ च्या अंकात आणलेला पहिला सुपरमॅन वेगळाच होता. पहिल्याच अंकात तो निरपराध बाईची फाशी थांबवायला मध्यरात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि लाचखोर सिनेटरच्या मागे लागतो. पुढच्या एका कथेत तो पडीक वस्तीच पाडून टाकतो, कारण त्याशिवाय सरकार तिथल्या गरिबांना नवी घरं बांधून देणार नाही. तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं. एका उडीत तो मैलाचा आठवा भाग, म्हणजे दोनशे मीटर जायचा. ही मंदीच्या काळात वाढलेल्या, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांची चीड होती. आजच्या प्रेक्षकाला हवी असलेली धग मुळातच तिथे आहे, ती बाहेरून आणायची गरज नाही.

कॅप्टन अमेरिकाचंही तसंच. मार्च १९४१ च्या त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो आहे, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. म्हणजे ते चित्र सुरक्षित देशभक्तीचं नव्हतं, वाद ओढवून घेणारं होतं.

म्हणून तुमच्या नायकाचे मिळतील तेवढे जुने अंक शोधा. मराठी मासिकांसाठी दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चार दिवस बसायची तयारी ठेवा. वाचताना वहीत एकाच गोष्टीची नोंद करा: नायक कशावर चिडला? गुण सगळ्या नायकांचे सारखे असतात, चीड मात्र ज्याची त्याची असते. प्रभंजनच्या अंकांत मी अशी नोंद रचली आहे: रांगेत उभ्या माणसाला कुणी ढकललं की तो चिडतो. रेशनच्या रांगेचा तो काळ. ही एक ओळ पुढे सगळ्या पटकथेला पुरली.

हक्कांचं आधीच बघा

हे थोडक्यात, पण टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. बालमासिकातल्या नायकाच्या बाबतीत लेखक, चित्रकार आणि प्रकाशक अशा तिघांचे कागद तपासावे लागतात. हक्क लेखीच घ्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही नमूद नसेल, तर वर्षभरात हक्क वापरले नाहीत की ते परत जातात. पटकथेलाच वर्ष सहज लागतं, म्हणून हे कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या. वारसांना भेटायला स्वतः जा. करारापलीकडे त्यांच्याकडून नायकाबद्दल जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच अंकात नसतं.

बाणा एका वाक्यात

आता तीन रकाने आखा. पहिल्यात नायकाचा बाणा, दुसऱ्यात त्याच्या सवयी, तिसऱ्यात त्याचा काळ. बाणा म्हणजे जे काढलं तर नायक मरतो. सवयी म्हणजे ज्यांच्यामुळे तो ओळखू येतो. काळ म्हणजे जे त्याच्याभोवती होतं आणि आता नाही. पहिला रकाना जसाच्या तसा ठेवायचा, दुसऱ्यातलं निवडून घ्यायचं, तिसरा बिनधास्त बदलायचा.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण २०१७ चा 'फास्टर फेणे' आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश चित्रपटात वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला आणि प्रकरण परीक्षेच्या घोटाळ्याचं झालं. काळ पूर्ण बदलला. पण समोर काहीतरी चुकतंय हे दिसल्यावर ज्याला स्वस्थ बसवत नाही तो मुलगा तोच राहिला, तोंडाने काढलेल्या त्याच्या 'ट्टॉक्' आवाजासकट. आणि भागवतांनाच एक पात्र म्हणून कथेत आणल्यामुळे जुन्या वाचकाला आपला माणूस सोबत असल्यासारखं वाटलं.

प्रभंजनच्या तिसऱ्या रकान्यात काय आलं बघा: गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि नंतर गिरणगाव गिरणगाव राहिलं नाही. भोंगे गेले, टॉवर आले. मग आजच्या प्रभंजनचे वडील कामगार असू शकत नाहीत, आजोबा होते. वडिलांनी टॅक्सी चालवली. तो स्वतः एका मॉलमध्ये, म्हणजे आजोबांच्याच गिरणीच्या जागेवर, मेंटेनन्सचं काम करतो. साठेबाज गेले, पण रांगेतल्या माणसाला ढकलणारे गेले का? आता रांग घराची आहे. इथे मला चित्रपट सापडला.

शक्तीच्या आधीचा प्रसंग

नायक चांगला का आहे, याचं कारण द्यायच्या नादात लेखक त्याचे आईवडील मारतात, बहिणीवर अत्याचार घडवतात, बालपण जाळतात. चांगुलपणाला जखमेची गरज नसते. त्याला कळवळा लागतो, आणि तो सवयीतून दिसतो. म्हणून शक्ती मिळण्यापूर्वीचा एक प्रसंग लिहा, ज्यात नायकाकडे काहीच नाही आणि तरी तो देतो. २०११ च्या 'कॅप्टन अमेरिका'त किरकोळ अंगकाठीचा तरुण सरावाच्या मैदानात हातबाँबवर पालथा पडतो, बाकीचे पळतात. बाँब नकली निघतो, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. पुढच्या सगळ्या उड्या प्रेक्षक याच एका क्षणाच्या भरवशावर मान्य करतो.

हाच प्रसंग उचलू नका. तुमच्या नायकाच्या गल्लीत शोधा. माझा असा आहे: पहाटे साडेचारला पाणी सुटतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही, म्हणून प्रभंजन आधी त्यांचे दोन हंडे भरून वर नेतो. खाली येतो तोवर त्याचा नंबर गेलेला असतो आणि धार करंगळीएवढी झालेली. तो अर्धी कळशी घेऊन घरी जातो. आई म्हणते, "लोकांच्या घरी भरून आलास, आता पोळ्यांची कणीक कशात भिजवू?" त्याच्याकडे उत्तर नसतं. तो तिच्याशी खोटं बोलत नाही, नळ लवकर गेला असं म्हणत नाही. त्याचा चांगुलपणा घरच्यांना महागात पडतो हे दोन मिनिटांत कळतं, आणि आई चुकीची आहे असंही वाटत नाही. ती चुकीची वाटली की प्रसंग फसला समजा.

किंमत

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आमच्या गटात पडलेल्या बहुतेक पटकथा इथेच पडल्या.

पटकथेच्या वर्गात शिकवतात की नायक बदलला पाहिजे. आदर्शवादी नायकाला हा नियम जसाच्या तसा लावला की तो बिघडवावाच लागतो. त्याशिवाय सुधारणार कसा? त्यापेक्षा त्याला स्थिर ठेवा आणि भोवतालचं जग त्याच्यावर आपटू द्या. २०१४ च्या दुसऱ्या 'कॅप्टन अमेरिका' चित्रपटात ज्या संस्थेसाठी तो राबतो ती आतून पोखरलेली निघते. तो होता तसाच राहतो आणि त्याच्या उभं राहण्यामुळे आजूबाजूच्यांना बाजू घ्यावी लागते. बदल त्यांच्यात होतो. म्हणून कागदावर नायकाच्या नावापुढे 'बदल: नाही' असं लिहा, आणि खाली तीन माणसांची नावं लिहा जी त्याच्यामुळे बदलणार आहेत. माझ्या यादीतला पहिला माणूस म्हणजे इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर खोटा शिक्का मारलेला एक तरुण इंजिनीअर.

मग नायकाच्या शक्तीने सुटणार नाही असा प्रश्न शोधा. ताकदवान माणसाला भिंत पाडायला लावण्यात काही नाट्य नाही. आणि हा प्रश्न त्याच्या बाण्यालाच भिडला पाहिजे. खोटं न बोलणाऱ्याला अशा जागी आणा जिथे एक खोटं माणसं वाचवू शकतं.

माझा मधला मोठा प्रसंग इथून आला. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी जाहीर करतं. नोटिसा लागतात, आणि तरी लोक घर सोडत नाहीत. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो. पण संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झालेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी घर सोडणं म्हणजे घर जाणं. जुलैची रात्र आहे. चार मजली इमारतीचा कोपरा खचलाय. प्रभंजन तळमजल्यावर तुळईखाली खांदा देऊन उभा आहे. त्याचं बळ किती वेळ टिकेल ते त्याला माहीत आहे: दहा-अकरा मिनिटं. इमारत रिकामी होत नाही. दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात बसून राहते.

"तू धर बाबा खांब. मी हितंच बसते. खाली उतरले की यादीतनं नाव गेलं माझं."

शेजारी ओरडतो, "अरे सांग ना तिला, खोली परत मिळेल म्हणून! ऐकेल ती तुझं!"

तो हे सांगू शकत नाही, कारण ते खरं आहे की नाही त्याला ठाऊक नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मी त्याला खोटं बोलायला लावलं होतं आणि पुढे पश्चात्ताप दाखवला होता. प्रसंग चांगला वठला होता, पण नायक हातातून गेला होता. दोन आठवडे मी त्या पानाशी बसून होते. शेवटी असं लिहिलं:

"आजी, खोली मिळेल का ते मला माहीत नाही. पण तुम्हाला जिथं पाठवतील तिथं मीपण राहायला येतो. तुमच्या शेजारी."

म्हातारी उठते. आणि चित्रपटाचा उरलेला अर्धा भाग तो खरोखर शीवच्या प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात राहतो. नोकरीची वेळ चुकते, आई अबोला धरते, आणि "उडता येतं तर एक चावी आणता येत नाही का" हे टोमणे त्याला रोज ऐकावे लागतात. शब्द देणं सोपं होतं, आता तो रोज पाळायचा आहे.

तुमच्या पटकथेत असा एक शब्द आहे का ते शोधा. नसेल तर पुढच्या पायऱ्यांकडे जाऊच नका.

समोरचा माणूस

खलनायकाचं म्हणणं ऐकताना प्रेक्षकाला क्षणभर "बरोबर बोलतोय" असं वाटलं पाहिजे. २०२१ च्या मल्याळम 'मिन्नल मुरली'मध्ये एकाच गावातल्या दोघांवर एकाच रात्री वीज पडते आणि दोघांनाही शक्ती मिळते. ज्याला गावाने आयुष्यभर हिणवलं तो समोरचा होतो. त्याच्या एकटेपणाने घसा दाटतो, म्हणूनच नायकाचं वागणं हलकं वाटत नाही.

प्रभंजनसमोर मी त्याच्याच चाळीत वाढलेला विकासक ठेवला आहे. तोही गिरणी कामगाराचा नातू. तो म्हणतो, "तू त्यांच्याबरोबर शिबिरात राहतोस, मी त्यांना घर देतो. संमतीच्या वीस सह्या खोट्या असतील, पण दीडशे कुटुंबं वर जातील. तुझ्या खरेपणाने किती गेली?" या प्रश्नाला पटकथेत चलाख उत्तर देऊ नका. नायकाला निरुत्तर होऊ द्या. उत्तर त्या वीस कुटुंबांपैकी एकाला घेऊन पडद्यावर यायला हवं.

बोलणं

भाषणं काढा. माझा नियम साधा आहे: जे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवता येईल ते नायकाच्या तोंडातून काढायचं. १९९७ नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनवर 'शक्तिमान' पाहत आमची पिढी वाढली आणि भागाच्या शेवटी मिळणारा उपदेशही आम्ही मनापासून ऐकला. त्याची जागा मालिकेत होती, मुलांसमोर होती. अडीच तासांच्या चित्रपटात मात्र नायकाने आपल्या मूल्यांचं नाव घेतलं की ती पातळ होतात.

मूळ अंकात प्रभंजन म्हणायचा, "सत्याचा मार्ग खडतर असतो, मित्रांनो!" आज तोच माणूस रांगेत घुसणाऱ्याला म्हणतो, "काका, या काकी पहाटेपास्नं उभ्यात." आवाज चढवत नाही, बाजूला होत नाही, आणि काका मागे जातात. बाणा तोच आहे.

इतर पात्रांनी त्याच्या शेल्याला खुशाल हसावं. लालबागची पोरं हसतीलच. पण चित्रपटाने स्वतः त्याला हसू नये. कॅमेरा, संगीत, संकलन यांतून "आम्हालाही हे जरा बालिश वाटतं बरं का" असा सूर निघाला की प्रेक्षक लगेच ओळखतो. १९७८ च्या 'सुपरमॅन'चे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांचा सगळा भर सत्याभासावर होता: माणूस उडतो हे एकदा मानलं की बाकी सगळं खरं वाटलं पाहिजे. क्रिस्टोफर रीव्हने क्लार्क (सुपरमॅनचं रोजचं, चष्मेवालं रूप) आणि सुपरमॅन यांच्यातला फरक पाठीचा कणा आणि आवाज बदलून दाखवला, आणि चष्म्याची ती भाबडी युक्ती पटून गेली. नटाबरोबर यावरच आधी काम करा. आणि रंग? पिवळा पिवळाच ठेवा. काळपट, मातकट करून टाकलेला पोशाख सांगतो की करणाऱ्यांनाच नायकाची लाज वाटते.

मारामारीत माणसं कुठे आहेत?

२०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील' या सुपरमॅनच्याच चित्रपटावर प्रेक्षक बराच काळ भांडले. शेवटी नायक शत्रूची मान मोडतो यावर वाद झाला, आणि तितकाच तो कोसळणाऱ्या शहरावर झाला: इमारती पडत असताना आतल्या लोकांचं काय झालं? आदर्शवादी नायकाच्या चित्रपटात हा प्रश्न प्रेक्षकाला पडता कामा नये, कारण तो नायकाला आधी पडलेला असतो.

प्रत्येक हाणामारीच्या प्रसंगात तीन सामान्य माणसं नावासकट लिहा आणि प्रसंग संपताना ती कुठे आहेत ते लिहा. एक सुटका मनापासून, सावकाश दाखवा, खर्चही वाचतो. मराठी चित्रपटाच्या बजेटमध्ये दहा इमारती पाडता येत नाहीत, पण एका जिन्यातली अकरा मिनिटं नीट घेता येतात. आणि लोकांना नुसतं वाचवून घेणारे ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा छातीभर पाण्यातून अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून वाट काढली, रस्त्यालगतच्या घरांनी भिजलेल्यांना चहा-बिस्किटं दिली. आपल्या प्रेक्षकाने हे केलेलं आहे. म्हणून माझ्या प्रसंगात नवव्या मिनिटाला प्रभंजनचा खांदा खचतो, तेव्हा चाळीतली माणसं बांबू आणि लाकडी टेकू घेऊन येतात. उरलेली दोन मिनिटं तेही भार घेतात.

वाचून दाखवा

मसुदा झाला की लगेच निर्मात्याकडे धावू नका. आधी एका दहा-बारा वर्षांच्या मुलाला आणि एका सत्तरीतल्या माणसाला, वेगवेगळ्या दिवशी, मोठ्याने वाचून दाखवा. मत विचारू नका. मूल कुठे चुळबुळ करतं, आजोबा कुठे चष्मा काढतात, तेवढं समासात खूण करून ठेवा. दोघांच्या खुणा एकाच पानावर आल्या तर ते पान पुन्हा लिहा. मूल पुढे सरकून बसलं असेल त्या पानाला मात्र हात लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

प्रभंजनचे प्रसंग मी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवले. कोसळणाऱ्या इमारतीवर ती काहीच बोलली नाही. वाचन संपल्यावर तिने पहिलं काय विचारलं, तर, "मग त्या दिवशी त्याच्या आईने कणीक कशात भिजवली?" मी ते लिहिलंच नव्हतं. आता तिथे अर्ध्या पानाचा प्रसंग आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी बसत, भरलेला तांब्या घेऊन खाली येतात.